भोपळ्यातली म्हातारी आणि जीपमधली मुलं

जंगल सफारीचं कुठलंही बालचित्रपुस्तक उघडा, पहिल्या-दुसऱ्या पानावर जीप येतेच. वरून उघडी, खाकी नाहीतर हिरवी. पुढे टोपीवाला चालक, मागे गळ्यात दुर्बीण अडकवलेली भावाबहिणीची जोडी. मग पानागणिक एक प्राणी: सिंह, जिराफ, झेब्रा, पाणघोडा, आणि त्यांच्याच रांगेत पट्टेदार वाघ. वाघ आफ्रिकेत नसतो हे चित्रकाराला कुणी सांगितलेलं नसतं, किंवा सांगूनही त्याला फरक पडलेला नसतो. शेवटी सूर्य मावळतो आणि जीप माघारी फिरते. ही पुस्तकं आता शहरातल्या मॉलपुरती राहिलेली नाहीत. हिंगोलीच्या दसरा प्रदर्शनीत खेळण्यांच्या दुकानावरसुद्धा जाड पुठ्ठ्याची, कोपरे गोल केलेली सफारी मिळते. चित्रं कुठून तरी आयती आलेली, मजकूर मराठीत बसवलेला.

अशा पुस्तकावर आपल्याकडे एक ठरलेली टीका होते: परदेशी प्राणी कशाला, आपल्या मुलांना आपले प्राणी दाखवा. मला ही टीका पटत नाही. सेनगावच्या पोराला जिराफ पाहायचा तेवढाच हक्क आहे, जेवढा पुण्याच्या पोराला. लांब मानेचा, झाडाच्या शेंड्याचा पाला खाणारा प्राणी जगात आहे, हे कळण्याचा आनंद स्वदेशी-परदेशी असा वाटून देता येत नाही. जिराफ काढून त्या जागी नीलगाय बसवली आणि बाकी सगळं तसंच ठेवलं, तर पुस्तक सुधारलं असं मी म्हणणार नाही. माझं भांडण जीपशी आहे.

चित्रपुस्तक मुलाला प्राण्यांची नावं शिकवतं ते नंतर. त्याआधी ते मुलाला एका जागी बसवतं आणि सांगतं, इथून बघ. सफारीच्या पुस्तकात ही जागा जीपच्या मागच्या बाकावर असते. तिथून प्राणी कायम थोड्या अंतरावर, बाजूने, पूर्ण आकारात दिसतो. त्याला काही काम नसतं. तो कुठून आला, कुठे निघालाय, रात्री कुठे असतो, असले प्रश्न उठत नाहीत. तो दिसतो, एवढंच त्याचं काम. पान उलटलं की तो संपला. आणि त्या प्रदेशात राहणारी माणसं? ती बहुधा नसतातच. असलीच तर जीप चालवणारा एक माणूस, आणि फार झालं तर डोक्यावर मोळी घेऊन रस्त्याच्या कडेला थांबलेली बाई. कळमनुरीकडच्या एखाद्या डोंगरकाठच्या गावातलं पोर हे पुस्तक वाचतं, तेव्हा त्याची आई खरं तर त्या कडेच्या बाईच्या जागी उभी असते. पोराला मात्र बाकावर जागा दिलेली असते. आपल्याच शिवाराकडे पाहुण्यासारखं बघायला ते शिकतं.

ही बाकावरची जागा निरागस नाही. 1909 साली अमेरिकेचे माजी राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट पूर्व आफ्रिकेत सफारीला गेले. सोबत स्मिथसोनियन संग्रहालयाची माणसं होती आणि परतताना अकरा हजारांवर प्राण्यांचे नमुने होते. त्यात हत्ती-गेंड्यांपासून किडामुंगीपर्यंत सगळं आलं. पुढे बंदुकीच्या जागी कॅमेरा आला, आणि ही सुधारणा मोठीच आहे. तिला नावं ठेवणारा मी कोण? पण माणूस बसतो ती जागा फारशी हलली नाही. उंचावर, सुरक्षित, नेम धरण्याच्या बेतात. हौद्याची जीप झाली, जीपचं पुस्तक झालं.

आता आपल्याकडची एक सफारी बघा. म्हातारी लेकीकडे निघाली आहे. वाटेत जंगल, जंगलात कोल्हा, वाघ. तिला वाघ पाहायचा नाही. तिला लेकीकडे जायचं आहे आणि वाट तिथूनच जाते. वाघालाही तिचं कौतुक नाही. त्याला भूक लागली आहे. मग बोलणं होतं, मुदत मागितली जाते, आणि परतीला म्हातारी भोपळ्यात बसून येते. मराठी घरांत पिढ्यानपिढ्या सांगितल्या गेलेल्या या गोष्टीत वाहनही आहे, जंगलही आहे, थरारही आहे. पण भोपळ्याला खिडकी नाही. तो बघण्यासाठी बनवलेलाच नाही. वाघाच्या हद्दीतून आपलं काम उरकून धड परत येण्यासाठी बनवलेला आहे. जंगल हे जाण्याचं ठिकाण नसून वाटेत लागणारी जागा आहे, आणि तिथे आपल्याआधीपासून कुणी राहतं, ही समज त्या गोष्टीत न सांगता मुरलेली आहे.

याचा अर्थ जुनं ते सोनं, असा मला काढायचा नाही. त्या गोष्टीतला वाघ खादाड आणि मूर्ख आहे, त्याला फसवण्यात सगळी मजा आहे. सफारीचं पुस्तक निदान वाघाला खलनायक करत नाही. पण म्हातारी आणि वाघ एकाच जमिनीवर उभे आहेत, डोळ्याला डोळा देऊन बोलताहेत. ही जमीन आपण मुलांच्या पुस्तकांतून घालवून बसलो.

गंमत म्हणजे मोठ्यांच्या मराठीत रान पायी येतं. व्यंकटेश माडगूळकरांच्या 'सत्तांतर'मध्ये वानरांच्या टोळ्यांची भांडणं आहेत. त्या पुस्तकाला 1983 चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. मारुती चितमपल्ली वनखात्यात नोकरी करत रान तुडवत राहिले आणि त्यातून 'पक्षी जाय दिगंतरा', 'रानवाटा', 'चकवाचांदण' आली. दोघेही थांबून, बसून, वाट बघून लिहिणारे. हीच भाषा पाच वर्षांच्या मुलासाठी पुस्तक काढते तेव्हा मात्र भाड्याची जीप मागवते.

हिंगोली जिल्ह्यात जीप-सफारीला जाण्यासारखं फारसं काही नाही, असंच कुणीही सांगेल. 1 मे 1999 ला परभणीतून वेगळा झालेला हा पाच तालुक्यांचा जिल्हा. लोक येतात ते औंढ्याच्या नागनाथाला आणि नामदेवांच्या नर्सीला. बाकी सोयाबीन, तूर, कापूस आणि वसमतची हळद. उत्तरेला पैनगंगा, तिच्यावर ईसापूरचं धरण, मधून कयाधू. अजिंठ्याच्या रांगेचे पूर्वेकडे उतरत आलेले उघडेबोडके फाटे. दाट जंगल थोडं. पण जनावर आहे. रोही म्हणजे नीलगायी आहेत, हरणं आहेत, रानडुकरं तर विचारू नका. कोल्हा, खोकड, साळिंदर, मोर, कुठे लांडगा, कुठे बिबट्या.

आणि इथल्या मुलाला त्यांची ओळख जीपमधल्या मुलापेक्षा जास्त आहे. फक्त ती ओळख पुस्तकात मोजली जात नाही. सकाळी आखाड्यावर दूध आणायला गेलेलं पोर हरभऱ्याच्या पाटात बघून सांगतं की रात्री डुक्कर येऊन गेलं. कसं कळलं? खुराच्या दोन फाकांमागे दोन लहान टोचे उमटलेत, आणि माती नाकाडाने उकरून एका बाजूला लोटलेली आहे. रोही लेंड्या टाकायला पुन्हा पुन्हा त्याच जागी येतो, त्यामुळे बांधापलीकडे त्यांचा ढीग साठत जातो, हे त्याला कुणी शिकवलेलं नसतं. कुत्र्याच्या पावलापुढे नखांचे ठिपके दिसतात, मांजराच्या दिसत नाहीत, हेही त्याला ठाऊक असतं. हे सगळं वाचनच आहे. पण शाळेत जाऊन ते पुस्तक उघडतं तेव्हा त्याच्या या वाचनाला तिथे एकही पान दिलेलं नसतं. प्राणी तिथे भरदिवसा, अख्खा, हसत उभा.

या जिल्ह्यातून गेलेली खरी सफारी 2019 साली झाली, आणि ती वाघाने केली.

यवतमाळमधलं टिपेश्वर अभयारण्य जेमतेम 148 चौरस किलोमीटरचं. तिथे वाढलेल्या एका तरुण नर वाघाला फेब्रुवारी 2019 मध्ये भारतीय वन्यजीव संस्थेच्या संशोधकांनी रेडिओ कॉलर लावली. कागदोपत्री त्याचं नाव टी-वन-सी-वन, पुढे लोकांनी ठेवलेलं नाव वॉकर. जूनमध्ये, पावसाच्या तोंडावर, तो निघाला. वयात आलेल्या नराला आईच्या मुलखात जागा उरत नाही. स्वतःची हद्द, खायला सावज, जमल्यास जोडीदारीण, यासाठी घर सोडावंच लागतं. तेलंगणातल्या आदिलाबादकडे उतरून, परत महाराष्ट्रात येऊन, पैनगंगेच्या खोऱ्याने नांदेड, हिंगोली, वाशीम, अकोला असं करत डिसेंबरच्या सुरुवातीला तो बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोचला. तोवर 1300 किलोमीटर चालून झालं होतं. मार्च 2020 पर्यंतचा हिशेब धरला तर 3000 किलोमीटरच्या वर.

आकडा मोठा आहे, वर्तमानपत्रांनी तोच छापला. मला त्यातलं दुसरंच काही जास्त मोलाचं वाटतं. तो बहुतेक वाट शेतांतून, नाल्यांतून, कालव्याकाठाने चालला. दिवसा झुडपांत पडून राहायचा, रात्री निघायचा. रानडुक्कर मिळालं तर ते, नाहीतर गाय-गोऱ्हा. शेकडो गावांच्या शिवारांतून एक पूर्ण वाढलेला वाघ गेला आणि माणसाशी त्याची गाठ पडून इजा झाली ती एकदाच. तीही लोकांचा घोळका तो पडला होता त्या झुडपातच शिरला म्हणून. ते महिने आठवा. त्या वर्षी ऑक्टोबरच्या शेवटी पावसाने सोयाबीन कुजवलं होतं. शिवारात माणसांची झुंबड होती: भिजल्या गंज्या उलथणारी, कापूस वेचणारी, तुरीला पाणी सोडणारी. एवढ्या माणसांच्या मधून तो गेला आणि जवळजवळ कुणालाही दिसला नाही.

सफारीच्या पुस्तकाचा सगळा भार 'दिसला' या एका गोष्टीवर असतो. वॉकरची गोष्ट त्याच्या बरोबर उलट आहे. म्हणून तर ती जीपमध्ये बसून सांगता येत नाही.

पण चित्रपुस्तकात ती सांगता येते, आणि दुसऱ्या कुठल्याही प्रकारापेक्षा तिथेच नीट सांगता येते, असं माझं म्हणणं आहे. इंग्लंडच्या पॅट हचिन्स यांचं 1968 सालचं 'रोझीज वॉक' हे पुस्तक घ्या. सगळं मिळून 32 शब्द. एक कोंबडी फिरायला निघते, वाडा ओलांडते, तळ्याला वळसा घालते आणि जेवणाच्या वेळेला घरी येते. शब्दांत एवढंच. चित्रांत मात्र तिच्या मागावर सुरुवातीपासून एक कोल्हा आहे, आणि दर खेपेला तो कशात तरी आपटतो. त्या कोल्ह्याचा मजकुरात एकदाही उल्लेख नाही. कोंबडीला त्याचा पत्ता नाही, लिहिणारी त्याच्याबद्दल गप्प आहे, बघणाऱ्या मुलाला मात्र सगळं ठाऊक आहे. चार वर्षांचं मूल पुस्तकावर ओरडतं, अगं मागे बघ!

आता हीच रीत हिंगोलीला लावून बघा. मजकूर असा: आजी कापूस वेचते. बाबा मोटार चालू करायला जातात. ताईची सायकल पांदीच्या चिखलात फसते. मामा आखाड्यावर जागलीला झोपतात. शब्दांत वाघ नाहीच. चित्रांत तो आहे: पऱ्हाटीच्या रांगेत शेपटीचं टोक, हळदीच्या रुंद पानांआड दोन पट्टे, ताईच्या चाकाच्या रेघेशेजारी नखं न उमटलेलं पाऊल, अकोला-नांदेड चौपदरी रस्त्याखालच्या मोरीत अंधाराहून थोडं पिवळट काही. मुलाने तो हुडकायचा. मोठ्यांना दिसत नाही, आपल्याला दिसतो, यासारखं सुख लहानपणी दुसरं नसतं. आणि ते सुख इथल्या मुलाच्या अंगातल्या कसबावर उभं राहील. पावलं वाचणारं पोर पुण्या-मुंबईच्या पोराच्या दोन पानं पुढे असेल. पहिल्यांदाच.

पुण्याच्या पोरालाही याचा फायदा आहे. सफारीची पुस्तकं वाचून त्याची पक्की समजूत झालेली असते की वाघ अभयारण्यात राहतो, फाटकाच्या आत, तिकिटाच्या पलीकडे. खरं चित्र वेगळं आहे. 2018 च्या गणनेत महाराष्ट्रात 312 वाघ होते, 2022 च्या गणनेत 444. अभयारण्यं काही त्या प्रमाणात वाढली नाहीत. टिपेश्वरसारख्या छोट्या जंगलातून तरुण नर बाहेर पडत राहणार. त्यातला एक गौताळा अभयारण्यात गेला, एक थेट धाराशिवच्या येडशी रामलिंग अभयारण्यात पोचला. मराठवाड्यात वाघ कायमचा संपला असं धरून चाललेल्या पिढीच्या डोळ्यांदेखत हे घडलं. पुढची तीस-चाळीस वर्षं वाघ आणि माणूस या मुलखात एकमेकांच्या वाटेवर येत राहणार आहेत. त्या काळात मोठ्या होणाऱ्या मुलांना आपण फाटकाआतला वाघ दाखवतोय.

इथे कुणी शेतकरी मला अडवेल, आणि त्याने अडवावंच. तो म्हणेल, तुमची वाघाची कौतुकं राहू द्या, डुकरांचं बोला. माळ्यावर रात्र काढून, झटका मशीन लावून, फटाके फोडून सकाळी उठावं तर अर्धा एकर हरभरा आडवा. मग फोटो काढा, अर्ज करा, पंचनाम्याची वाट बघा. ज्या घरात बाप थंडीत जागलीला जातो त्या घरातल्या मुलाच्या हातात 'प्राणी आपले मित्र' हे पुस्तक देणं म्हणजे त्याच्या बापाला खोटं पाडणं आहे. हे मला पूर्ण मान्य आहे. संवर्धनाच्या नावाने निघणारी बहुतेक बालपुस्तकं इथेच उताणी पडतात. त्यांना राग दाखवायची भीती वाटते.

राग दाखवावा. गोफण दाखवावी, उद्ध्वस्त पाट दाखवावा, गोऱ्हं गेलं म्हणून गोठ्यात बसलेली बाई दाखवावी. पोळी घेऊन पळणाऱ्या कुत्र्यामागे तुपाची वाटी घेऊन धावलेले नामदेव या जिल्ह्यात घरोघरी माहीत आहेत. डुकरामागे काठी घेऊन धावणारा शेतकरीही तितकाच ओळखीचा आहे. पुष्कळदा हा शेतकरी वारीला जाणारा असतो, माळकरी असतो, आणि धावताना शिव्याही देतो. ही दोन्ही धावणी एका पुस्तकात मावली पाहिजेत. मुलांना त्यात विसंगती वाटत नाही. त्यांच्या घरात ती रोजच असते. विसंगती वाटते ती संपादकांना.

भीतीचंही तेच. वाघ शेतात दाखवला तर मुलं घाबरतील, पालक तक्रार करतील, हा आक्षेप मी आधीच ऐकू शकतो. मुलं घाबरतीलच. भोपळ्याच्या गोष्टीतही घाबरतात आणि पुन्हा सांग म्हणतात. चित्रात लपलेला वाघ हुडकून त्याच्यावर बोट ठेवणाऱ्या मुलाने ती भीती निदान हाताळलेली असते. झुडपात घोळक्याने शिरू नये, हा धडा तसा प्रसंग दाखवणाऱ्या एका पानातून आपोआप कळेल. खाली चौकट टाकून सूचना छापायची गरज नाही. आपल्याकडे तो मोह फार. गोष्ट संपली की 'आपण काय शिकलो' येतंच.

मग असं पुस्तक निघत का नाही? कारण रोकडं आहे. चार रंगांची चित्रं, जाड कागद आणि मोजक्या प्रती, यात किंमत फुगते. मराठीत माधुरी पुरंदरेंनी 'चित्रवाचन'मध्ये रोजच्या आसपासची साधी दृश्यं मोठ्या चित्रांतून मुलांपुढे ठेवली आणि बोलायचं काम मुलांवर सोपवलं. ज्योत्स्ना प्रकाशनाने ते छापलं. हे करणारे थोडे. बाकीच्यांना आयती चित्रं विकत घेऊन त्यावर मराठी मजकूर बसवणं स्वस्त पडतं, आणि आयत्या चित्रांच्या बाजारात जीप मिळते, पऱ्हाटी मिळत नाही. तूर कशी दिसते हे ठाऊक नसलेला चित्रकार तुरीत वाघ लपवू शकणार नाही. त्याला ऑक्टोबरात आठ दिवस शिवारात आणून ठेवावं लागेल. हा खर्च पुस्तकाच्या हिशेबात कुणी धरत नाही.

यावर तोड आहे. अनुष्का रविशंकर आणि पुलक बिस्वास यांचं तारा बुक्सने काढलेलं 'टायगर ऑन अ ट्री' मोजक्या रंगांत छापलेलं आहे आणि त्याला काही कमी पडलेलं नाही. हिंगोलीच्या पुस्तकाला तर दोनच शाया पुरतील, काळी आणि हळदीची पिवळी. वाघाला तेवढ्याच लागतात, आणि पिवळं शेत, पिवळी माती, पिवळा कडबा यांत पिवळा वाघ आणखी चांगला लपेल. छपाई निम्म्यावर आली तर शंभराच्या आत किंमत बसवता यावी, आणि मग जिल्हा परिषदेच्या शाळांनी एक एक प्रत न घेता वर्गाला दहा घ्याव्यात, कारण हे पुस्तक चौघांनी डोकी भिडवून बघायचं आहे.

एक भांडण मात्र शेवटपर्यंत करावं लागेल. ज्ञानगंगेत वॉकरला वाघीण मिळाली नाही. तिथे वाघीण नव्हतीच. त्याच्यासाठी एखादी आणून सोडावी का, यावर अधिकाऱ्यांत चर्चा झाली. एप्रिल 2020 मध्ये त्याची कॉलर काढली गेली आणि नकाशावरचे ठिपके थांबले. प्रकाशक म्हणेल, शेवटच्या पानावर वाघीण आणि दोन बछडे टाका, मुलांना बरं वाटेल. लेखकाने तिथे नाही म्हणावं, आणि त्यापायी करार मोडला तर मोडू द्यावा.